साखळीतला दीड इंच

"आधी साखळी मोज. मग जमीन मोज."

असं म्हणणारे गृहस्थ म्हैसूरच्या मोजणी ऑफिसच्या व्हरांड्यात उकिडवे बसलेले असत. त्या व्हरांड्याच्या फरशीत बरोबर तेहतीस फुटांवर दोन पितळी खिळे ठोकलेले होते, आणि मोजणीची लोखंडी साखळीही तेहतीस फुटांची. रोज सकाळी ते खांद्यावरची साखळी एका झटक्यात उलगडत, तिची एक मूठ या खिळ्याला लावत, दुसरी ताणत त्या खिळ्यापर्यंत नेत आणि चष्मा कपाळावर ढकलून, नाक फरशीला टेकेल इतके वाकून बघत. मोठे साहेब बाहेर जीपमध्ये ताटकळत असले तरी हा सोहळा चुकत नसे. साहेब हॉर्न वाजवत. हे मान वर करत नसत.

मी हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी पाहिलं. मी ट्रेसर म्हणून लागले होते. मोजणीदारांनी काढलेल्या नकाशांवर पारदर्शक कापड पसरायचं आणि शाईने रेघ न् रेघ गिरवायची, एवढंच माझं काम. जमिनीवर मला कधी जायचंच नव्हतं. तरी त्यांनी मला टेबलावरून उठवून साखळीचं दुसरं टोक धरायला लावलं. ज्या रेघा तू जन्मभर गिरवणार त्या कुठून येतात ते बघून ठेव, म्हणाले. लोखंड रोज ओढलं की कड्या झिजतात, आणि कड्या झिजल्या की साखळी लांब होते. झिजून वाढणारी ही एकच वस्तू मला आजवर भेटली आहे.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. नकाशाच्या कोपऱ्यात मोजणाऱ्याची सही असते, तेवढं नाव पुरे, असं ते स्वतःच म्हणत. त्या सहीनेच पुढे त्यांना गाठलं. तेच मला सांगायचं आहे.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. त्याच्या टेबलाजवळून जाताना आपण आपोआप जरा सरळ चालतो. अंगाने वाळकी काडी, हाफ शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली, एक कडक आणि एक मऊ, आणि बाराही महिने काखेत छत्री. चामराजपुरमला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून ते राहत, म्हणून ऑफिसात इतरांचे ते 'सर' असले तरी माझे 'काका'. आमच्यासारखंच त्यांचं घराणंही कैक पिढ्यांमागे इकडे आलेलं. आमचे कोणी तरी घोड्यावर बसून म्हैसुरात आले आणि परत जायचं विसरले, एवढाच इतिहास ते सांगत. घरात मराठी बोलत, पण दर वाक्यात कन्नडचा एखादा खडा असेच. 'सुम्ने' हा त्यांचा आवडता शब्द. उगीच, विनाकारण, रिकाम्या हाताने केलेलं ते सगळं सुम्ने. माझ्या वाकड्या रेघा सुम्ने, साहेबांची भाषणं सुम्ने, आणि न तपासलेल्या साखळीने केलेली मोजणी तर सुम्नेच्याही पलीकडची.

माणसांविषयी ते फारसे बोलत नसत. बोलत ते एका गावाविषयी.

म्हैसुरहून पश्चिमेला, कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, वाटेवर ते गाव आहे. हवा स्वच्छ असली की तिथून बेट्टदपुरचा डोंगर दिसतो. गावाचं कागदावरचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यातली माणसं अजून तिथे राहतात. गावकरी त्याला नुसतं 'कोटे' म्हणतात. कोटे म्हणजे कोट. इकडे म्हैसूरकरांचं राज्य, तिकडे कोडगूच्या राजांचं, आणि मध्ये हा कोट. पाच-सहा वेळा तो इकडचा तिकडे आणि तिकडचा इकडे झाला. जो घ्यायचा तो भिंत उंच करायचा, जो सोडून जायचा तो पाडून जायचा. आता एक बुरूज, पूर्वेच्या भिंतीचा तुकडा आणि पश्चिमेच्या दरवाज्याची बिनादाराची चौकट एवढंच उभं आहे. खंदक त्या बाजूला कधीच बुजला. त्यावर गवत आहे आणि गवतावर म्हशी.

पण कोट गेला तरी गाव कोटातच राहतं. रस्ता विचारलात तर अजून कोणी तुम्हाला उजवीकडे-डावीकडे सांगत नाही, 'ओळगे' आणि 'होरगे' सांगतात, आत आणि बाहेर. आठवड्याच्या बाजाराला कोडगूकडून संत्री, मिरी, मध येतो, इकडून तंबाखू आणि नाचणी जाते, आणि कोडगूची माणसं दुकानं मांडतात ती चौकटीच्या बाहेरच. कोणी त्यांना अडवत नाही. तेही आत येत नाहीत. संध्याकाळी देवळातली घंटा तीनदा वाजते. ती आरतीची नव्हे. दरवाजा बंद होत असल्याची ती घंटा आहे, आणि दरवाजा जाऊन कैक पिढ्या झाल्या तरी तिन्हीसांजेला कोणी तरी ती वाजवतंच.

"भिंत म्हणजे कोट नव्हे," काका म्हणत. "घंटा झाल्यावर कोण आत, कोण बाहेर, तो कोट."

हे त्यांना ठाऊक झालं ते मोजणीमुळे. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कोटेचा नवा नकाशा करायचं काम निघालं. भिंत कुठे होती, खंदक कुठवर होता, ते जुन्या नकाशातल्या आकड्यांवरून जमिनीवर पुन्हा मांडायचं होतं. काम काकांकडे आलं आणि ते निघाले तेही विजयादशमीला, सुट्टीच्या दिवशी. सारं म्हैसूर हत्तींची मिरवणूक बघायला वाटा अडवून बसलेलं आणि हे पिशवी, छत्री, साखळी घेऊन बसस्टँडवर. सरहद्दीच्या गावी जायचं तर सीमोल्लंघनाचा मुहूर्त सोडून दुसरा कुठला धरायचा, असं त्यांनी मला विचारलं होतं. वर्षभर गंभीर असणारा माणूस एखादा विनोद करतो आणि त्यावर स्वतःच खूश होतो, तसे ते त्या दिवशी खूश होते.

तीन आठवडे ते कोटेत राहिले. पश्चिमेच्या चौकटीबाहेर, बुजलेल्या खंदकाच्या पलीकडे, सात घरांची एक ओळ आहे. सगळी होरगेची माणसं. त्यातलं तिसरं घर रुक्माबाईंचं. जात शिंप्याची, घरात विठोबा आणि भाषा आपलीच, कन्नडात भिजलेली. यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेमागून तंबू आणि खोगिरं शिवत आले. फौज पुढे गेली, हे राहिले, पण परक्या मुलखातून आलेले म्हणून कोटाच्या आत नाही, खंदकाच्या बाहेर. काकांना जेवायला मराठी घर मिळालं. रुक्माबाईंचा नवरा तेव्हा होता. तो कापत असे आणि त्या ओटीवर दारालगत मशीन टाकून शिवत बसत. मोजणीच्या काठ्यांना लावायचे लाल-पांढरे झेंडे फाटले होते, ते त्यांनीच नवे शिवून दिले.

काकांनी देवळापुढच्या दगडी खांबापासून पश्चिमेकडे साखळ्या टाकल्या. जुन्या नकाशात खंदकाचा बाहेरचा काठ चोवीस साखळ्यांवर दाखवला होता. चोविसावी साखळी संपली तिथे त्यांनी झेंडा रोवला. तो रुक्माबाईंच्या ओटीपुढे नाही, ओटीतच आला. मशीनच्या मागे. रुक्माबाईंनी हे कशाला म्हणून विचारलं, तेव्हा काकांनी कोट कुठवर होता ते बघायला, एवढंच सांगितलं. त्या हसल्या. त्यांना वाटलं, इतिहास आहे.

नकाशा मी गिरवला. त्यांची सही कोपऱ्यात, तिच्याखाली माझी आद्याक्षरं. खंदकाची रेघ त्या सात घरांच्या अंगावरून जात होती, हे मला दिसलंही होतं. मी कापडावर शाईची रेघ ओढत होते आणि ती सुबक आल्याचा मला आनंद झाला होता, हे कबूल करते.

मग वर्षं गेली. नकाशा कपाटात राहिला. काका निवृत्त झाले तेव्हा समारंभात सगळ्यांनी एकच सांगितलं, या माणसाने मोजलेलं पुन्हा मोजावं लागलं नाही. मोडीत निघालेली त्यांची साखळी ऑफिसाने त्यांना हार घालून दिली. शाल कोणाला दिली कोण जाणे, साखळी मात्र ते मांडीवर घेऊन बसले होते. घरी जाऊन त्यांनी मागच्या अंगणात दोन पितळी खिळे ठोकून घेतले, स्टीलच्या टेपने मोजून, बरोबर तेहतीस फुटांवर. काकू तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, निवृत्त झालात ना, मग? काका म्हणाले, माझी मोजायची सवय निवृत्त झाली नाही. पण गंमत म्हणजे साखळी खुंटीवर टांगली ती टांगलीच. काढून ताणायचं कारण त्यांना बरीच वर्षं पडलं नाही.

चार वर्षांपूर्वी ते कारण पडलं. कोटेचा खंदक मोकळा करून तिथे बाग आणि फिरायची वाट करायचं ठरलं आणि कपाटातला नकाशा बाहेर आला. सातही घरांना नोटिसा गेल्या, की घराचा पुढचा भाग खंदकाच्या जमिनीत आहे, तो काढावा लागेल. सात घरांनी मिळून अर्ज केला, पुन्हा मोजा म्हणून. उत्तर आलं, की मोजणी झालेली आहे आणि अत्यंत विश्वासू मोजणीदाराने केलेली आहे, पुन्हा मोजायचं कारण दिसत नाही. मला तो कागद वाचताना वाटलं, काकांच्या सहीचा असाही उपयोग होतो तर.

रुक्माबाई पत्ता शोधत चामराजपुरमला आल्या त्या दिवशी मी काकांकडेच होते. साठीपुढची बाई, अंगाने लहानखुरी. पदराआड पिशवी, पिशवीत नोटीस. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती आणि घर त्या मशीनवर चाललं होतं. काकांनी त्यांना ओळखलं. कॉफी झाली, विचारपूस झाली, मग त्यांनी नोटीस पुढे ठेवली.

"अण्णा, तीन फूट म्हणतात," त्या म्हणाल्या. "तीन फूट म्हंजे माझी मशीन. आत अंधार आहे, सुईत दोरा दिसत न्हाई. आमचे आजेसासरे सांगायचे, जोत्याचा दगड आहे ना, तोच खंदकाचा काठ. पिढ्यान् पिढ्या आम्ही होरगे. आता म्हणे आत आलो."

काकांनी नोटीस दोनदा वाचली. मग अगदी सौम्यपणे, पण कपाटाचं दार लावावं तसं म्हणाले, "नकाशा माझा आहे, रुक्माबाई. आजेसासऱ्यांपाशी साखळी नव्हती."

त्या उठल्या. पेला धुऊन पालथा घातला, काकांना वाकून नमस्कार केला आणि गेल्या. मला काकांचा राग आला. माणूस घर वाचवायला येतो आणि तुम्ही त्याला साखळी दाखवता, असं मी बोलले असते, पण त्यांच्याकडे बघून बोलले नाही. ते खुंटीकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. ये, एवढंच म्हणाले. मी गेले तेव्हा मागच्या अंगणात साखळी पसरलेली होती. त्यांनी मला दुसरं टोक धरायला सांगितलं. मूठ खिळ्याच्या पुढे जात होती. पेरभर नव्हे, त्याहून जास्त. दीड इंच.

मी म्हटलं, त्यानंतर किती वर्षं वापरली ती साखळी, नंतर वाढली असेल. त्यांनी कोटेच्या मोजणीची वही माझ्या हातात दिली. रोजच्या पानावर पहिली ओळ तीच, त्यांच्या बारीक अक्षरात, 'साखळी तपासली, बरोबर.' एकवीस दिवस, एकवीस ओळी. मी म्हटलं, बघा, रोज तपासलीत. ते म्हणाले, त्याआधीचं, पहिलं पान बघ.

पहिल्या पानावर, निघाल्या दिवसाच्या, ती ओळ नव्हती. तिथे कुंकवाचा डाग होता.

मग त्यांनी सांगितलं. नवमीला आयुधपूजा. आपल्याकडे त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. शिंपी मशीन चालवत नाही, सुतार रंधा धरत नाही. काकांनी साखळी घरी आणून देवापुढे ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली. दुसऱ्या दिवशी विजयादशमी, ऑफिस बंद. पूजेतली साखळी पहिल्यांदा उलगडायची ती सीमेपलीकडेच, असं त्यांच्या मनाने घेतलं, म्हणून ती फुलांसकट पिशवीत घालून ते बसमध्ये बसले. आदल्या कामात खडकांवर ओढताना तिच्या दोन कड्या ताणल्या गेल्या असाव्यात, आणि व्हरांड्यातल्या खिळ्यांवर ती लावली गेलीच नाही. कोटेत पोचल्यावर रोज तपासायला खूण हवी, म्हणून त्यांनी देवळाच्या दगडी कट्ट्यावर तेहतीस फुटांवर छिन्नीने दोन फुल्या कोरून घेतल्या. आणि ते तेहतीस फूट मोजले कशाने? त्याच साखळीने.

पुढे एकवीस दिवस त्यांनी साखळी तिच्याच फुल्यांवर तपासली. ती रोज बरोबर येणारच होती.

निष्काळजी माणसाकडून ही चूक झाली नसती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो फुल्या कोरायच्या भानगडीत पडलाच नसता. परत आल्यावर व्हरांड्यात तपासली असेल ना, मी विचारलं. ते म्हणाले, तपासली, दीड इंच वाढली होती, मी समजलो कोटेच्या कामात वाढली. दोन कड्या बदलून घेतल्या आणि पुढच्या कामाला लागलो; शेवटी ती पुन्हा तेवढीच वाढली, तेव्हा मोडीत निघाली.

चोवीस साखळ्या, प्रत्येकीत दीड इंच. तुम्ही करा हिशेब. मी तिथेच अंगणात उभी राहून केला.

पण फुल्या दगडात कोरलेल्या होत्या आणि दगड झिजून वाढत नाही. त्या रविवारी आम्ही कोटेला गेलो, मी, काका आणि स्टीलची टेप. कट्ट्यावर शेवाळ होतं. काकांनी रुमालाने ते खरवडलं, एक फुली सापडली, मग दुसरी. त्यांनी टेपचं एक टोक मला दिलं, दुसऱ्या फुलीपाशी स्वतः गुडघ्यांवर बसले आणि आकडा वाचला. मग मला तिकडे बोलावून वाचायला लावला. तेहतीस फूट दीड इंच. त्यांनी मला पुन्हा वाचायला सांगितलं. तिसऱ्यांदा मी वाचला नाही, त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. 

परत बसमध्ये बसू, आधी अर्ज लिहू, मग त्यांना कळवू, असं मी म्हणत होते. ते ऐकत नव्हते. चौकटीतून बाहेर पडून, गवतातून चालत ते त्या सात घरांपुढे जाऊन उभे राहिले. रविवार होता, माणसं घरी होती. छत्री घेतलेला म्हातारा उन्हात उघड्या डोक्याने उभा दिसल्यावर ती एकेक करून बाहेर आली. रुक्माबाई मशीनवरून उठून उंबऱ्यात आल्या.

"तप्पु नंदु," काका म्हणाले. चूक माझी. सगळ्यांना कळावं म्हणून कन्नडात म्हणाले, आणि मग रुक्माबाईंकडे वळून मराठीत, "जोत्याचा दगडच काठ आहे. तुमचे आजेसासरे बरोबर होते."

कोणी ओरडलं नाही. एक जण पुढे होऊन काही तरी बोलू लागला, त्याला शेजारच्याने थांबवलं. रुक्माबाई आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी काकांना ओटीवर बसवलं, मशीनजवळच्या स्टुलावर. काका पाणी प्यायले. तेवढ्यात माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी म्हशी बघत उभी राहिले.

खरं अवघड काम त्यानंतर होतं. मी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, ते लपवत नाही. अर्जात लिहिलं असतं, की साखळी जुनी आणि सदोष होती, तर कोणाला दोष न देता काम भागलं असतं. शिवाय जुने सहकारी घरी येऊन बजावून गेले. एकदा एका नकाशात चूक कबूल केली, की तुमचे सगळे नकाशे लोक उकरतील, आयुष्यभराचं नाव जाईल, आणि आमच्याही सह्या आहेत त्यावर. एकाने तर बाहेर पडताना मला हळूच विचारलं, वयाचा परिणाम आहे का? मी काकांना म्हटलं, तुमचं नाव सांभाळून घर वाचत असेल तर काय बिघडलं? साखळीवर घाला ना.

"साखळीने सही केली नाही ग," ते म्हणाले.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, कन्नडात, तीन पानं, बारीक अक्षरात. काहीही न लपवता. कुंकवाचा डागसुद्धा. सोबत वही जोडली आणि दोन फुल्यांमधल्या अंतराचा पंचनामा. सुनावणीला मी बरोबर होते. अधिकारी तरुण होता, त्याने अर्ज वाचला, मान वर केली आणि विचारलं, साखळी तिनेच केलेल्या खुणांवर तपासत होतात? काका उभे राहून म्हणाले, हो, रोज, एकवीस दिवस. मागच्या बाकावर कोणी तरी हसलं. अधिकारी हसला नाही. त्याने काकांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

त्यानंतर ते म्हैसुरात फारसे दिसेनासे झाले. ऑफिसात त्यांच्या नावाचा विषय निघाला की माणसं घसा साफ करत. त्यांनी मोजलेल्या आणखी दोन गावांच्या नकाशांवर लोकांनी शंका घेतल्या. पुन्हा मोजल्यावर दोन्ही बरोबर निघाले, पण ती बातमी शंकेइतकी पळाली नाही. त्यांना हे सगळं कळत होतं. कुढत बसले असं मी म्हणणार नाही. थकले. रविवारी मात्र कोटेची बस चुकवत नसत. रुक्माबाईंच्या ओटीवर स्टुलावर बसायचं, मशीनचा आवाज ऐकायचा, मध्येच सुईत दोरा ओवून द्यायचा, आणि तिन्हीसांजेची घंटा झाली की परतीची बस धरायची. घंटा वाजताना ते चौकटीच्या बाहेर असत, होरगेच्या माणसांत. त्यांना ते बरं वाटत होतं, असं मला एकदा म्हणाले.

फेरमोजणीचा हुकूम निघाला तेव्हा ते नव्हते. अठरा दिवस आधी गेले, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. हुकूम घेऊन मी त्यांच्या घरी गेले होते, सवयीने. दारात त्यांच्या लेकीला बघितल्यावर आठवलं.

मोजणीला मी कोटेला गेले. नवे मोजणीदार आले, तिकाटण्यावरचं यंत्र आलं. त्याला साखळी लागत नाही, ते वर आभाळात कुठल्याशा उपग्रहाला विचारून जागा सांगतं. सातही घरांपुढे माणसं उभी होती. रुक्माबाईंच्या हातात दोन झेंडे होते, लाल-पांढरे, नव्याने शिवलेले. या यंत्राला झेंडे लागत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

यंत्राने जागा दाखवली ती जोत्याच्या दगडाच्या पायाशी. ओटी बाहेर, मशीन बाहेर, सातही घरं जिथे होती तिथेच, खंदकाच्या पलीकडे, होरगे. नव्या मोजणीदाराने खुंटी ठोकली आणि रुक्माबाईंकडे बघून झेंडा मागितला. त्याने तो का मागितला ते मला ठाऊक नाही, पण त्या पोराचं भलं होवो. झेंडा रोवला तेव्हा रुक्माबाई रडल्या. बोलल्या फक्त एवढंच, "अण्णा पायजे होते."

दुसरा झेंडा त्यांनी मला दिला. काकांची साखळीही आता माझ्याकडे आहे. त्यांनी तसं लेकीला सांगून ठेवलं होतं.

नवमीला मी ती देवापुढे ठेवते. पण त्याआधी ती खांद्यावर घेऊन दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्या घरी जाते. मागच्या अंगणातले पितळी खिळे त्यांच्या लेकीने उपटलेले नाहीत. एक टोक ती धरते, एक मी. मी चष्मा कपाळावर ढकलून वाकते. तेहतीस फूट दीड इंच. दोन कड्या बदलून घ्या ना, ती दर वर्षी म्हणते. मी बघू म्हणते, साखळी तशीच घरी आणते आणि तिला फुलं वाहते.